ओतिलियाबाईंची बाजू

आमच्या डोर्ना गावच्या बाजारात मी उभी असले की लोक माझ्याभोवती एक फेरी मारायचे. कुणी वाकून माझ्या पोटाखाली बघायचं, कुणी टपावरचे दिवे मोजायचं. एकदा एक दूधवाला म्हणाला, "ही गाडी आहे की लग्नाचा मांडव?" मला राग आला नाही. तेव्हा मी दिसतच तशी होते.

मी एक बुटकी डोंगरी गाडी. रंग राखाडी, वय सोळा. दक्षिणेकडच्या ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथून रोज माझ्यासारख्या शेकडो बहिणी बाहेर पडायच्या. आम्ही इतक्या सारख्या असतो की आमची आम्हालाच ओळख पटत नाही. म्हणून तर माणसं आम्हाला काहीबाही लावत बसतात. गाडी आपली वाटायला हवी ना!

मला घेतलं झाम्फिरकाकांनी. आमच्या गॅरेजवाल्या लाझारच्या तोंडी 'काका' आणि 'बाई' हेच शब्द असतात, म्हणून मीही तेच म्हणते. काका वनरक्षक होते. चौतीस वर्षं सरकारी जीपमधून डोंगर फिरले आणि घरी मात्र एक जुनाट छोटी गाडी, जी पाऊस पडला की फाटकातच रुतायची. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी मला आणलं. पहिल्या हिवाळ्यात ते शेगडीपाशी बसून गाडीला लावायच्या सामानाची पुस्तकं चाळायचे आणि आवडलेल्या पानात आगकाडी खोचून ठेवायचे. बर्फ वितळेपर्यंत आगकाड्यांची अख्खी पेटी संपली होती.

सगळ्यात आधी लाझारने माझ्या पोटाखाली जाड पोलादी पत्रा बसवला. ते चांगलं झालं. ओढ्यातले दगड मला नंतर कधी लागले नाहीत. मग आले जाड दातांचे टायर. ते वळताना चाकाच्या कमानीला घासायला लागले, म्हणून स्प्रिंगा बदलून मला चार बोटं उंच केलं. एक वस्तू लावली की ती दुसरी मागते, हे मी तेव्हा शिकले. टपावर जाळीचा कॅरिअर आला, त्याच्यापुढे दिव्यांची रांग आली. लाझार म्हणत होता की दाराच्या पन्हाळीला पकडून बसतील असे चाप मिळतात, भोकं नका पाडू. काकांना भोकंच हवी होती. आठ पाडली. शेवटी नाकासमोर, रुतलं तर दोराने ओढून काढणारं यंत्र बसलं, त्याच्या वजनाने माझं तोंड खाली गेलं आणि पुढच्या स्प्रिंगा पुन्हा बदलाव्या लागल्या.

"काका, एवढं करून जाणार कुठे आहात?" लाझारने विचारलं होतं.

"जाईन कुठेतरी," काका म्हणाले.

गेले ते अळंबी गोळा करायला आणि मासे धरायला. दोन्ही जागांना चांगला रस्ता होता. पण काका स्टिअरिंगच्या चाकामागे बसले की त्यांची पाठ ताठ व्हायची आणि ते शीळ घालायचे. माणूस खुशीत असला की गाडीला कळतं.

ओतिलियाबाई त्यांच्या पत्नी. प्राथमिक शाळेत शिकवायच्या. निम्म्या डोर्नाला त्यांनी अक्षरं गिरवायला लावली होती, त्यात लाझारही होता. उंचीने लहान, गुडघे कुरकुरणारे. मी उंच झाले त्या दिवसापासून मला चढणं त्यांना अवघड गेलं. सीटचा पट्टा धरायचा, एक गुडघा टेकवायचा, मग अंग ओढून घ्यायचं. त्यांनी एकच वस्तू मागितली, दाराखाली पायरी.

काका म्हणाले की पायरी खाली लोंबते, दगडाला लागेल.

"दगड तुला वर्षातून दोनदा भेटतो," बाई म्हणाल्या. "मी रोज बसते."

काका हसले आणि विषय तिथेच राहिला. वाईट माणूस नव्हता हो. घरात लाकडं तेच फोडायचे, बाईंना सर्दी झाली तर लसणाचं सूप तेच करायचे. पण माझ्या बाबतीत त्यांना डोंगर दिसायचा, शेजारी बसणारं माणूस दिसायचं नाही.

बाईंनी मग स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल आणलं. त्याला सुतळी बांधली. स्टूल जमिनीवर ठेवायचं, त्यावरून चढायचं आणि आत बसल्यावर सुतळीने वर ओढून पायाशी घ्यायचं. बाजारातल्या बायका हसायच्या. बाईही हसायच्या. अशी साडेतीन वर्षं गेली.

जानेवारीतला शनिवार होता. बाजार झालेला, पिशवीत कोबी आणि चीज. जमिनीवर बर्फ काचेसारखं गोठलेलं. बाईंनी स्टुलावर पाय ठेवला आणि स्टूल सरकलं. माझ्या दाराची मूठ त्यांच्या हातात होती. दार पूर्ण उघडत गेलं, मूठ सुटली आणि त्या डाव्या कुशीवर पडल्या. ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "झाम्फिर, मला हलवू नकोस."

खुब्याचं हाड मोडलं होतं.

त्या आठवड्यात काका दवाखान्याच्या आवारात माझ्यात येऊन बसायचे. किल्ली लावायचे, पण फिरवायचे नाहीत. काचांवर वाफ धरायची. एका दुपारी ते तडक लाझारकडे गेले आणि म्हणाले, "सगळं काढ."

लाझारने त्यांच्याकडे पाहिलं. "पोटाखालचा पत्रा राहू द्या, काका. तो चांगला आहे."

दिवे निघाले, यंत्र निघालं, कॅरिअर निघाला, जाड टायरही निघाले. जुन्या स्प्रिंगा परत आल्या आणि मी पुन्हा जमिनीजवळ आले. भोकं रबराने बुजवली. मग दोन्ही बाजूंना रुंद, खरखरीत पायऱ्या बसल्या आणि दाराच्या खांबाला धरायला कडी आली. काका स्वतः गुडघ्यावर बसून कुणी उभं राहिल्यासारखा भार देऊन पायरी दोन्ही हातांनी दाबून बघत होते. चार-चार वेळा.

मार्चमध्ये बाई काठी घेऊन घरी आल्या. डावा पाय जरा आखूड झालेला आणि त्यात जोर उरला नव्हता. काकांनी त्यांना माझ्यापाशी आणून पायरी दाखवली. त्यांनी काठीच्या टोकाने ती ठोकून पाहिली, "छान आहे," म्हणाल्या आणि घरात गेल्या. त्यानंतर महिनाभर त्या माझ्यात बसल्या नाहीत. डॉक्टरकडे शेजाऱ्याच्या गाडीतून गेल्या. काकांना वाटलं, त्यांना माझी भीती बसली. मलाही तसंच वाटलं आणि फार वाईट वाटलं.

एप्रिलमध्ये एक फोन आला. बाईंची थोरली बहीण प्रोफिरा घाटापलीकडे, पोझोरीता गावाच्या वरच्या वाडीवर एकटी राहायची. वाडीची बस दोन वर्षांपूर्वीच बंद झाली होती. तेव्हापासून बाईंचं बहिणीकडे जाणं काकांच्या सवडीवर होतं आणि काकांना मासे बोलवत नसले तरच सवड असायची. शेजारीण फोनवर सांगत होती की प्रोफिरा आता दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नाही.

काका लगेच किल्ली घेऊन अंगणात आले. उद्या नाही, आत्ताच जाऊ, म्हणाले. बाई काठी टेकत माझ्यापर्यंत आल्या आणि नेहमीच्या दारापाशी थांबल्याच नाहीत. पुढून वळसा घालून स्टिअरिंगच्या बाजूला आल्या.

"मला पायरी नको होती, झाम्फिर," त्या म्हणाल्या. "म्हणजे तेव्हा हवी होती. आता मला ही बाजू हवी."

काकांना कळेना.

"मला हिची भीती नाही वाटत. तुला विचारून विचारून जायचा कंटाळा आलाय."

बाईंकडे गाडी चालवायचा परवाना होता. दोघांनी तरुणपणी एकाच महिन्यात काढला होता. बाई दर वेळी तो नवा करून घ्यायच्या, त्यासाठी केस नीट करून फोटो काढायच्या आणि पर्समध्ये ठेवून द्यायच्या. चाक कायम काकांच्या हातात.

काका हळू आवाजात म्हणाले की डाव्या पायाने क्लच दाबला जाणार नाही.

"मग हाताने दाबेन. लाझारला विचार. तुझ्या दिव्यांसाठी त्याने आठ भोकं पाडली, माझ्यासाठी एक पाडेल."

त्या दिवशी काकाच गाडी चालवत वाडीवर गेले. बाई मागे बसल्या. पुढचे दोन दिवस काका मासे धरायलाही गेले नाहीत. त्यांचा अपमान झाला होता की डोळे उघडले होते, हे मला नाही सांगता येणार. बहुधा दोन्ही. तिसऱ्या दिवशी मात्र सकाळीच ते लाझारकडे गेले. क्लचशिवायची गाडी घ्यायची तर आधी मला विकायला हवं होतं आणि माझी चाळण झालेली. घेणार कोण?

लाझारने चार ठिकाणी फोन केले. क्लुज शहरात एक माणूस असं यंत्र बनवत होता. बॉनेटखाली एक छोटी मोटर, तिची तार क्लचला आणि गिअरच्या दांड्यावर बोटाने दाबायची एक पट्टी. पट्टी दाबली की पायाचं काम मोटर करते. ते बसवायला लाझारला तीन दिवस लागले, कारण त्याने ते तीनदा काढून पुन्हा बसवलं. मग डॉक्टरांचा कागद, माझी तपासणी, बाईंच्या परवान्यावर नवी नोंद. जून उजाडला.

लाकडाच्या वखारीचं मैदान रविवारी रिकामं असायचं. तिथे बाई शिकल्या. मी बकरीसारख्या उड्या मारत होते. लाझार शेजारी बसायचा.

"बाई, पाढे म्हणताना मी किती वेळा चुकायचो, आठवतंय?"

"मी मोजत नव्हते."

"मग मीही नाही मोजत. पुन्हा लावा."

जुलैच्या पहिल्या गुरुवारी आम्ही घाट चढायला निघालो. बाई चाकामागे, काका शेजारी. कडीला त्यांनी असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली. त्यांचा उजवा पाय चटईवरच, तिथे नसलेला ब्रेक दाबत होता. तिसऱ्या वळणावर, भर चढात, मी बंद पडले. मागे ओंडक्यांनी भरलेला ट्रक. त्याने भोंगा वाजवला. काकांनी तोंड उघडलं. मी त्यांना ओळखते, चाळीस वर्षांच्या सूचना त्या एका श्वासात भरल्या होत्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. काकांनी तोंड मिटलं, काच खाली केली, हात बाहेर काढून ट्रकवाल्याला थांबायची खूण केली आणि तो हात तसाच बाहेर धरून बसले.

बाईंनी हँडब्रेक ओढला, पट्टी दाबली, किल्ली फिरवली, श्वास घेतला. मी माझ्यात होतं नव्हतं ते सगळं लावलं. आम्ही निघालो.

प्रोफिरा खिडकीत बसली होती. आधी तिने झाम्फिर कुठे आहे म्हणून विचारलं. मग तो दुसऱ्या दारातून उतरताना दिसला, तेव्हा म्हणाली, "तुला रे कुणी ढकललं तिकडे?" आणि हसता हसता रडायलाच लागली. त्याच दिवशी तिला मागच्या सीटवर उशा लावून आम्ही डोर्नाला आणलं.

परतताना घाटमाथ्यावर काका म्हणाले, "पायरी मी तेव्हाच लावायला हवी होती."

"हो," बाई म्हणाल्या.

जाऊ दे, असं त्या म्हणाल्या नाहीत. काकांनीही त्याची वाट पाहिली नाही. पण थोडं उतरल्यावर बाईंनी त्यांना पिशवीतलं सफरचंद चिरून द्यायला सांगितलं आणि त्यांनी फोडी करून एकेक त्यांच्या तोंडात दिली.

प्रोफिरा त्यानंतर पावणेदोन वर्षं जगली. दर आठवड्याला बाई तिला दवाखान्यात न्यायच्या. ती गेल्यावरही त्या थांबल्या नाहीत. वाड्यावस्त्यांवरच्या किती म्हाताऱ्यांना त्यांनी डॉक्टरकडे, बँकेत, लेकीच्या घरी पोचवलं, मला आठवत नाही. काका शेजारी बसायचे, फाटकं उघडायचे आणि रस्ता चुकीचा सांगायचे.

या वर्षी तपासणीत माझी खरी अवस्था उघड झाली. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने माझ्या सांगाड्याचे खालचे दांडे खाल्ले होते. लाझारने हातोडीने ठोकून पाहिलं आणि तो पत्र्याखालून बराच वेळ बाहेर आला नाही. पुढच्या सोमवारी मला भंगारात नेणार आहेत. बाईंनी क्लचशिवायची एक लहान गाडी घेतली आहे. तिला काही लावायचं नाही, असं काका सांगत होते. मग म्हणाले, फक्त पायरी.

काल लाझारच्या आवारात तुदोरित्सा नावाची एक तरुण बाई आली. वरच्या कुरणावर चीज करते. दोन मुलं आहेत. मागच्या वर्षी लाकूड कापायच्या यंत्राने तिचा डावा पाय घोट्यातून गेला. माझ्या गिअरवरची पट्टी आणि ती छोटी मोटर आता तिच्या गाडीत जाणार आहे. पण ओतिलियाबाई म्हणाल्या, आधी इथे हात बसू दे. हिला शिकणाऱ्यांची सवय आहे.

तुदोरित्सा चाकामागे बसली. बाई शेजारी, काठी गुडघ्यांमध्ये. मी उडी मारली आणि बंद पडले.

"बाई, बंद पडली."

"पडू दे. पुन्हा लाव."

सात वेळा बंद पडले. आठव्यांदा आम्ही आवाराला एक पूर्ण फेरी मारली, मग दुसरी, आणि तिसऱ्या फेरीत लाझारने फाटक उघडून दिलं.

माझं आता काही मागणं नाही. तुमच्या दारात माझी एखादी बहीण उभी असेल तर तिला हवं तसं नटवा, आम्हालाही ते आवडतं. फक्त पुस्तकात आगकाडी खोचण्याआधी घरातल्यांना एकदा विचारा, तुला कुठे जायचंय? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

येते मी.