दाढी होईपर्यंत

"म्हणजे ज्याच्या भीतीने तुम्ही देश सोडलात, तो रोज सकाळी तुमच्याच वस्तऱ्याखाली मान देऊन झोपायचा?" अधिकाऱ्याचा प्रश्न दुभाष्याने आमच्या भाषेत सांगितला आणि स्वतःच हसला.

"हो साहेब," माझा नवरा म्हणाला. "घोरायचासुद्धा."

नवरा न्हावी आहे, पण कुठे काय बोलावं याची अक्कल नाही. आश्रय मागायला आलेल्या माणसाने घोरण्याचं कशाला सांगायचं? इथे नकार मिळाला की परतीचं विमान, आणि तिकडे उतरलो की तोच सावकार. सलूनच्या खुर्च्यांसाठी त्याच्याकडून पैसे घेतले होते. मुद्दल कधीच फिटलं, व्याज संपेना. आधी आरसे फुटले, मग नवऱ्याच्या डाव्या हाताची बोटं मोडली. पोलिसांत गेलो, तर पोलिसांनी आम्हाला त्याच्याच गाडीतून घरी पाठवलं. तेव्हापासून मेला रोज फुकट दाढीला यायचा.

"वस्तरा हातात, गळा समोर, आणि तुम्ही साबण फासत बसता!" असं मी तेव्हा नवऱ्याला कितीदा सुनावलं. तो वस्तऱ्याला धार लावत राहायचा.

पोरगी बाहेर बाकावर होती. अर्ज घेणाऱ्या खिडकीवरच्या बाईने दुभाष्याकरवी तिचं कौतुक केलं होतं, इतकी शहाणी मुलगी पाहिली नाही, जरासुद्धा हलत नाही. मी फुशारले. वळण माझंच ना!

"त्याला तुमची भीती नव्हती," अधिकारी म्हणाला. "तुम्हीही रोज दुकान उघडत होता. मग धोका कसला?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "हिला जरा बाहेर बसू द्या, साहेब."

"मी कुठेही जाणार नाही," मी म्हणाले.

मग तो टेबलाकडे बघत बोलला. "पोरीला शाळेत सोडायला निघालो की नेमका तेव्हाच यायचा. त्याचा माणूस तिला मांडीवर घेऊन दुकानातल्या मागच्या बाकावर बसायचा. हात तिच्या गळ्याशी. म्हणायचा, हलायचं नाही हं, तू हललीस तर बाबांचा हात हलेल. मला समोर आरशात सगळं दिसायचं. दाढी झाली की सोडायचे."

दुभाषी या वेळी हसला नाही.

अधिकाऱ्याने मागची पानं उलटली. "पहिल्या जबाबात हे नाही. नकार समोर दिसल्यावर आठवलं?"

"तेव्हाही ही शेजारीच बसलेली होती."

"बायकोपासून का लपवलंत?"

"ती त्याच्या अंगावर धावून गेली असती, साहेब. परत आली नसती."

अधिकाऱ्याने एक ओळ लिहिली, फाईल मिटली. "निर्णय कळवू," म्हणाला. तो काय असणार ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. खरं सांगितलं तरी आम्ही खोटे, नाही सांगितलं तरी आम्ही खोटे.

आम्ही बाहेर आलो. पोरगी बाकावर ताठ बसलेली, हनुवटी वर, हात मांडीवर. खिडकीवरची बाई तिच्याकडे बोट दाखवून कौतुकाने हसली. त्या काचेवर दगड घालावासा वाटला मला.

पोरीने माझ्याकडे पाहिलंच नाही. डोळे फक्त बापाकडे वळले.

"झालं, बाबा? हलू आता?"

"हल," तो म्हणाला.

तिने आधी मान हलवली, मग पाय.