उजवीकडचा खिसा

शिंप्याने शर्टाचा खिसा उसवला आणि शांतपणे उजव्या बाजूला लावला. असलं पाप त्याच्या हातून उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं. पापाला कडक इस्त्री करून, घडी घालून तो इस्पितळाकडे निघाला.

बायकोचे झटके थांबले होते, पण स्वभाव सुधारला होता, आणि घाबरण्यासारखं तेच होतं. लग्नापासून जिने त्याच्या एका शिवणीला धड म्हटलं नव्हतं, ती आता दिसेल त्याला ‘छान’ म्हणत होती. इस्पितळाच्या चहालासुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. “मेंदूत जंताची अळी शिरली होती, काका. ती केव्हाच मेली. पण तिच्यावर उठलेली शरीराची फौज आता यांच्याच मेंदूवर चालून जातेय.”

“म्हणजे चोर मेला आणि राखणदार घरातली भांडी फोडताहेत?”

“अगदी तसंच. औषध राखणदारांना थंड करायला आहे.”

“आणि ही? होईल पहिल्यासारखी?”

“व्हायला हवी. बघू.”

त्या ‘बघू’वर तो दिवस काढत होता. मागे एक बाही आखूड असलेला शर्ट दाखवला, तर “छान.” मग दोन रंगांची बटणं लावून नेली, तर “वा, छान!” तेव्हा तो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता.

आज तिने शर्ट मांडीवर पसरला. खिशावरून बोट फिरवलं.

“छान,” ती म्हणाली.

तो शर्टाची घडी घालू लागला.

“थांबा. खिसा मुद्दाम लावलात ना तिकडे?”

त्याचा हात जागीच राहिला. “हो.”

“आजाऱ्याची परीक्षा घेता? लाज नाही वाटत? ते जाऊ दे. ही कॉलर बघा. डावं टोक वर आलंय. हेही मुद्दामच का?”

कॉलर त्याने जीव ओतून बसवली होती. चष्मा चढवून त्याने पाहिलं. टोक सुतभर वर होतं.

“नाही गं. ती मला येते तशीच शिवलीय.”

“तेच तर म्हणतेय! जन्मभर तेच म्हणतेय!”

डॉक्टरीणबाई दारात येऊन थबकल्या. “काका, डोळ्यांत पाणी? काय झालं?”

“काही नाही, बाई,” शिंपी म्हणाला. “बोलणी खातोय. जरा खाऊ द्या.”