वहिनीचा उजवा डोळा

वहिनीला आधी वाटलं, चष्म्यावर केस चिकटलाय. तिने काच पदराने पुसली, केस तिथेच. पुन्हा पुसली, तरी तिथेच. मग हातातलं काम पुढे ओढून ती त्या केसासकटच बघत राहिली.

तिचं काम कवळ्या बनवायचं. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या हिरड्यांचे ठसे पाठवायचे आणि वहिनी घराच्या पुढच्या खोलीत बसून गुलाबी मेणात एकेक दात रोवायची. "अर्धं गाव माझ्या दातांनी हसतं," ती म्हणायची, "आणि माझ्याशी भांडायला आलं तरी माझेच दात खाऊन येतं!" लहानपणापासून तिचा चष्मा जाड भिंगांचा. डावा डोळा तरुणपणीच अधू झाला होता, त्याला फक्त उजेड-अंधार कळायचा. सगळा कारभार उजव्यावर.

दोनेक दिवसांनी त्या उजव्या डोळ्यात खालून काळं पाणी चढायला लागलं. कवळीचे वरचे दात दिसत, खालचे दिसत नसत. तेव्हा तिने धाकट्याला फोन केला.

धाकटा म्हणजे तिचा दीर. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, आणि दादाचं लग्न नुकतंच झालं होतं. वहिनीने त्याला डबे दिले, तापात उशाशी बसली, परीक्षेच्या दिवसांत पहाटे हलवून उठवलं. आता तो मोठ्या रुग्णालयात डोळ्यांच्या पडद्याचा सर्जन होता. रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत त्याची प्रयोगशाळाही होती. बाहेर लोक त्याला डॉक्टरसाहेब म्हणत. घरात मात्र तो अजून धाकट्याच होता.

"कुठल्या डोळ्याला, वहिनी?"

"चांगल्या."

त्याने हातातलं काम तिथेच टाकलं.

बाहुली मोठी करणारे थेंब घालून त्याने स्वतः तपासलं. डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला चिकटलेला पातळ पडदा वरून फाटला होता आणि ओल्या भिंतीवरचा कागद सुटावा तसा सुटून लोंबत होता. असे डोळे त्याने शेकडो पाहिले होते. हा मात्र त्याने पुन्हा पुन्हा पाहिला.

"तू चेहरा पाडलास, म्हणजे काहीतरी वाईट आहे," वहिनी म्हणाली.

"तुला माझा चेहरा दिसतोय?"

"अर्धा. वरचा. कपाळावरनंच कळतं तुझं."

घरच्या माणसावर स्वतः सुरी चालवायची नाही, हा त्याचा नेम होता. त्याला शिकवणाऱ्या मॅडमनी शस्त्रक्रिया केली. तो शेजारी उभा राहून मॉनिटरवर सगळं बघत होता. मॅडमनी डोळ्यातला चिकट द्रव काढला, पडदा जागेवर बसवला, फाटलेल्या जागेभोवती लेझरचे टाके घातले आणि आत हवेसारखा वायू भरला. सगळं नीट झालं. मॅडमनी हातमोजे काढताना त्याच्याकडे बघून मान हलवली.

मग काही दिवस वहिनीने मान खाली घालून पडून राहायचं होतं, वायूचा बुडबुडा पडद्याला दाबून धरील म्हणून. "लग्नात पण एवढी मान खाली घातली नव्हती मी," ती उशीत तोंड खुपसून म्हणायची. दादा जमिनीवर बसून तिला नळीने चहा पाजायचा. दादा मुळात मुखदुर्बळ माणूस. त्या दिवसांत मात्र तो तिला पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायचा, अगदी जाहिरातींसकट.

वायू विरत गेला तशी नजर परत आली. तिने खिडकीबाहेरची तार बघितली, तारेवरचे कपडे ओळखले. दादाला म्हणाली, "किती पिकलात हो तुम्ही!" घरात त्या आठवड्यात सगळे जरा मोठ्याने बोलत होते.

पुढच्या तपासणीला धाकट्याला पडद्यावर एक सुरकुती दिसली. बारीकशीच, पण तिचा अर्थ त्याच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता. गेली कितीतरी वर्षं त्याचं संशोधन त्याच सुरकुतीवर चाललं होतं. जखम भरायला धावलेल्या पेशी कधीकधी थांबायचं विसरतात. पडद्यावर जाळं विणतात, मग ते जाळं आवळतं आणि बसवलेला पडदा पुन्हा ओढून काढतं. शस्त्रक्रिया चांगली झाली म्हणून हे टळत नाही. कुणाच्या डोळ्यात होईल, कुणाच्या नाही, सांगता येत नाही.

त्या पेशींना रोखणारं एक औषध त्याच्या प्रयोगशाळेत होतं. काचेच्या बशीत ते पेशी जागच्या जागी थांबवायचं. सशांच्या डोळ्यांतही जाळं कमी धरलं होतं. पण काही सशांचा पडदाच त्या औषधाने पातळ झाला होता, आणि तो का झाला हे अजून कळलं नव्हतं. माणसाच्या डोळ्यात औषधाचा एक थेंबही गेला नव्हता.

जाळ्याने पडदा पुन्हा ओढला. मॅडमनी दुसरी शस्त्रक्रिया केली, चिमट्याने जाळं सोलून काढलं आणि या वेळी आत तेल भरलं. वहिनीला पाण्याखालून बघितल्यासारखं दिसायला लागलं. तेही थोडेच दिवस. सुरकुत्या परत आल्या.

दादा तेव्हा पहिल्यांदाच प्रयोगशाळेत आला. उंच स्टुलावर अवघडून बसला.

"ते तुझं औषध. इथेच आहे ना?"

धाकट्याने फ्रिजकडे बोट दाखवलं.

"मग?"

"दादा, ते अजून औषध नाही. त्याने पडदा जळूही शकतो."

"आणि नाही दिलं तर?"

धाकट्याने बोट खाली घेतलं.

"मला त्यातलं काही कळत नाही," दादा म्हणाला. "पण तिचा डोळा जाणारच असेल, तर जळाला काय नि सुटला काय. एकदा घालून तर बघ रे." म्हातारपणी धाकट्या भावापुढे हात जोडायची वेळ आली म्हणून की काय, तो बोलताना भिंतीकडे बघत होता.

वहिनीचंही तेच. "डाव्यात घालून बघ आधी. तो तर मेलेलाच आहे. सशांपेक्षा मी बरी, निदान दुखलं तर सांगीन तरी."

"डाव्यात तो आजारच नाही, वहिनी. त्यातून काही कळणार नाही."

"मग उजव्यात घाल. मी सही करते. माझा डोळा आहे."

त्याने रुग्णालयाच्या समितीकडे परवानगी मागितली. समितीतले लोक वाईट नव्हते, दोघंतिघं तर त्याचे मित्रच होते. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: "ही बाई तुमची कुणी नसती, तर तुम्ही हा अर्ज केला असता का?" त्याला हो म्हणता आलं नाही. परवानगी नाकारली गेली. त्यांच्या जागी तो असता तर त्यानेही नाकारलीच असती, आणि हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

बाहेर मॅडम थांबल्या होत्या. "बाटली तुझ्या हातात आहे, म्हणून ते औषध होत नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे, मॅडम."

"माहीत असून काही उपयोग नाही, हेही मला माहीत आहे."

तिसऱ्यांदा मॅडमनी डोळा उघडला, आत बघितलं आणि फारसं काही न करता बंद केला. पडदा आवळून कडक झाला होता, सोलायला गेलं की फाटत होता. धाकटा शेजारीच उभा होता. ज्या हातांनी तो रोज असले पडदे बसवायचा, ते हात त्याने पाठीमागे धरले होते.

वहिनीने पुढची खोली आवरायला लावली. हत्यारं ओळखीच्या एका कारागिराला देऊन टाकली. "नुसती समोर कशाला ठेवायची," म्हणाली. उजेड कुठून येतो तेवढं तिला कळायचं, आणि दिवसभर ती त्या बाजूला तोंड करून बसायची. औषधाबद्दल तिने धाकट्याला पुन्हा कधी विचारलं नाही. पण आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या धाकट्याने शोधलंय औषध. माझ्या वेळेला तयार नव्हतं, एवढंच. पुढच्यांचे डोळे वाचतील." सांगताना तिच्या आवाजात जरासा तोरा असायचा.

काही वर्षांनी सशांचं कोडं सुटलं, मात्रा कमी केली गेली, परवानग्या मिळाल्या आणि औषध माणसांना दिलं गेलं. काहींना औषध, काहींना नुसतं पाणी. कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही, अशी चोख पद्धत. शेवटी निकाल उघडला तेव्हा दोन्ही गटांत सारखेच पडदे सुटले होते. औषधाने कुणाचं वाईट झालं नव्हतं, पण भलंही झालं नव्हतं.

त्याला आधी नुसतं सुन्न वाटलं. मग मनात आलं, वहिनीला सांगायला हवं. आपल्याला औषध मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही, असं ती इतकी वर्षं उराशी धरून बसली असेल. निदान ते ओझं तरी उतरेल.

तो गेला तेव्हा ती खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. त्याने समोर बसून सगळं सांगितलं.

"म्हणजे तेव्हा मला दिलं असतं तरी?"

"तरी हेच झालं असतं, वहिनी. काहीही फरक पडला नसता."

तिचे हात थांबले. स्वयंपाकघरात दादा कपबश्या विसळत होता, तो आवाज तेवढा येत होता.

"हे कशाला सांगितलंस मला?"

"मला वाटलं, तुझ्या मनाला..."

"मला कधी वाटलंच नाही की तू द्यायला हवं होतंस. तू देणार नाहीस, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं." तिचा आवाज चिरका झाला. "पण औषध होतं. कुठेतरी फ्रिजमध्ये का होईना, होतं. ते आहे म्हणून मी बसू शकत होते रे इथे. आता काय आहे?"

औषधासाठी दुसरा एक नवा रेणू तपासायला घेतलाय, असं त्याला सांगता आलं असतं. पण त्याला किती वर्षं लागतील आणि त्याचंही हेच होईल का, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"दुसरं काही शोधतोयस का?" तिनेच विचारलं.

"शोधतोय."

"सापडलं तरी माझ्या डोळ्याला नाही ना?"

"नाही, वहिनी." तो आवाज न करता उठून खिडकीशी गेला.

"बरं," ती म्हणाली. "खोटं बोलला नाहीस." मग तिने शेंगांचं ताट चाचपत पुढे सरकवलं. "घे, सोल जरा. नखं दुखली माझी."

तिचं तोंड अजून समोरच्या खुर्चीकडे होतं, तो आधी बसला होता तिकडे. तो खिडकीशी उभा होता हे तिला कळलंच नव्हतं. तो आवाज न करता परत आला, त्याच खुर्चीत बसला आणि ताटातली एक शेंग उचलली.