सत्काराला गेलेली घोंगडी

मी एक घोंगडी बोलतेय. काळी, सहा हात लांब, मेंढीच्या लोकरीची. वय म्हणाल तर जेमतेम वर्षाचं. पण एवढ्यात इतकी भाषणं ऐकलीत, की थकलेय बाई. आवाज खोल वाटला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म पारनेर तालुक्यातल्या एका माळावरच्या वस्तीवर झाला. साळूबाईनं लोकर पिंजली, सूत कातलं, आणि तिच्या नवऱ्यानं, सहादेवानं, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून मला विणलं. चिंचोक्याची खळ बसल्यावर मी अशी ताठ झाले, की उभी केली असती तर उभी राहिले असते. दोघांचा मिळून सव्वा महिना माझ्यात गेला. सहादेवाची पाठ तेव्हापासून सरळ झालेली नाही, पण तो तसं कुणाला सांगत नाही.

आमच्याकडे घोंगडीचा भाव विणणारा सांगत नाही. व्यापारी येतो, खाटेवर बसतो, चहा पितो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "नऊशे." साळूबाई मान हलवते. झाला सौदा! माझ्या आधीच्या सगळ्या बहिणी अशाच गेल्या.

मी राहिले, कारण मधेच सुकन्या आली. नगरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकणारी पोर. तिचा विद्यार्थ्यांचा गट न्याय्य व्यापाराचं काम करायचा. म्हणजे काय, ते तिनं ओसरीवर बसून सांगितलं. "मावशी, वस्तू बनवणाऱ्याला मेहनतीचा भाव मिळाला पाहिजे. आणि तो भाव बनवणाऱ्यानंच सांगायचा."

नगरला चार जिल्ह्यांतल्या अशा गटांचा मेळावा होता. दुपारी कारागिरांनी आपापला नमुना दाखवून भाव सांगायचा, मग पोरं आपापल्या गावी जाऊन मागणी गोळा करणार. "आठ-नऊ घोंगड्या गेल्या तरी वरीस निघतंय," सहादेव म्हणाला. घरात दाखवायला मी एकटीच होते.

पारनेरला बस बदलून नगरला पोचेस्तोवर साळूबाई तोंडातल्या तोंडात आकडा घोकत होती. मी तिच्या मांडीवर पिशवीत, मला सगळं ऐकू येत होतं. "साडेतीन हजार. साडेतीन हजार." शेजारची बाई टकामका बघायला लागली, तेव्हा कुठं ती गप्प झाली.

एप्रिलचं ऊन. प्रमुख पाहुणे आबासाहेब तासभर उशिरा आले. आले की सत्कार! त्याशिवाय आपल्याकडे पान हलत नाही. कुणीतरी शाल काढली, तसा हर्षल नावाचा कार्यकर्ता तडकला. "अरे, आपल्या मेळाव्यात गिरणीची शाल? ती कुणी विणली, त्याच्या हातात काय पडलं, माहीत तरी आहे का?"

खोटं नव्हतं त्याचं. सगळे वरमले. मग त्याची नजर पहिल्या रांगेत बसलेल्या साळूबाईच्या पिशवीवर गेली. "मावशी, तुमची घोंगडी द्या ना! याहून मोठा मान कुठला?"

साळूबाईनं पिशवी छातीशी धरली. पण तीनशे पोरं तिच्याकडे बघत होती. "घ्या की," ती म्हणाली. आणखी काय म्हणणार होती बिचारी!

मग काय, मी आबासाहेबांच्या खांद्यावर. त्यांना घाम, मला शीण. कष्टाच्या दामावर ते पन्नास मिनिटं बोलले. वाईट बोलले नाहीत, खोटं कशाला बोलू? शेतकऱ्याचं, विणकराचं, सगळ्यांचं नाव घेतलं. माझं मोल कुणी दिलं, हे मात्र त्यांनी विचारलं नाही, आणि व्यासपीठावरच्या दुसऱ्या कुणाच्याही ते डोक्यात आलं नाही.

दुपारी एकेक कारागीर उठून बोलू लागला. साळूबाईचं नाव पुकारलं. सकाळी सुकन्या बाहेर नावनोंदणीला बसली होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं माईकवरून विचारलं, "मावशी, नमुना कुठाय?"

"सायबांच्या अंगावर हाय की."

सभागृह हसलं. मग टाळ्या, त्याही कडकडून! आबासाहेबांनीही वाजवल्या आणि मला आणखी नीट पांघरून घेतलं. पाहुण्याच्या अंगावरचा मान उतरवायचा कुणी? सुकन्याचा चेहरा पडला. साळूबाई भाव न सांगताच खाली बसली. पुढचं नाव पुकारलं गेलं.

तिच्या घोंगडीला एकही मागणी आली नाही. हातात घेऊन न बघता, भाव न ऐकता कोण मागवणार?

पुढचे सात महिने मी आबासाहेबांच्या कपाटात काढले. डांबरगोळ्यांचा वास, आणि अंगावर शंभरेक शाली. सगळ्या मानाच्या, एकीनंही कुणाची थंडी घालवलेली नाही. आम्ही एकमेकींशी बोलतसुद्धा नव्हतो.

दिवाळीनंतर सुकन्या आली आणि सरळ मला मागितलं. आबासाहेबांच्या बायकोला उलट बरंच वाटलं. "ने गं बाई, कपाटाचं दार लागत नाही."

ती मला घेऊन थेट वस्तीवर गेली. साळूबाईनं माझ्यावरून हात फिरवला. केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! पण तिनं मला घेतलं नाही. "मानाला दिलेली वस्तू माघारी घेत न्हाईत, पोरी."

"मग मी विकत घेते," सुकन्या म्हणाली. "भाव तुम्ही सांगा."

साळूबाईनं सहादेवाकडे पाहिलं. पदर नीट केला. घसा खाकरला. उभ्या जन्मात पहिल्यांदा तिनं तोंड उघडून आपल्या कामाचा आकडा सांगितला, "साडेतीन हजार."

आणि सुकन्याच्या तोंडून निघून गेलं, "थोडे कमी नाही का होणार, मावशी?"

भाजी घेताना आपण म्हणतो ना, तसंच. पोरगी कपटी नाही हो, जिभेला सवयच तशी. दुसऱ्या क्षणी तिनं तोंडावर हात ठेवला. "चुकले मावशी. साडेतीनच. परत सांगा ना. एकदाच सांगा."

"ऱ्हाऊ दे. तू म्हनशील ती किंमत."

सुकन्या रडली, हातापाया पडली. पुरे साडेतीन हजार तिनं खाटेवर ठेवले. साळूबाईनं ते घेतले, चहाही केला. पण तो आकडा काही केल्या तिनं पुन्हा उच्चारला नाही.

आता मी सुकन्याच्या हॉस्टेलच्या खोलीत असते. थंडीत ती मला पांघरते, हे एक सुख. यंदाही मेळावा आहे. साळूबाईला निरोप गेला होता. "ह्या बारीला न्हाई जमायचं," असं उत्तर आलं.

मी फार काही मागत नाही, तेवढं त्राणही नाही. बाजारात एखादी बाई धीर करून आपला भाव सांगेल, तेव्हा लगेच बोलू नका. तिचं बोलणं तिच्याच कानावर पडेपर्यंत तरी गप्प राहा.