बिस्किटांचा डबा ‘हाऽ’ नव्हता

मी एक जुनी सांडशी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझा कोणावरही विश्वास नाही. सगळा जन्म विस्तवाजवळ गेल्यावर दुसरं काय होणार! ओट्याबाहेर डोकावणारा कढईचा दांडा दिसला की मला शंका येते. झाकणाखाली गप्प बसलेल्या वाफेवर तर माझा काडीचा भरवसा नाही.

एका लहानशा कारखान्यात दोन पोलादी दांड्यांमध्ये खिळा ठोकून मला घडवलं. या घरी आले तेव्हा आजी सगळ्यांना सांगायची, “पकड बघा हिची! भांडं हलायचं नाव घेत नाही.” मी अगदी फुलून जायचे.

मग नात चालायला लागली. चिमी तिचं लाडाचं नाव. दिसेल ते ओढायची. तिच्यामागे धावून आजी दमली आणि तिने युक्ती काढली. शेगडीकडे हात गेला की “हाऽ! चटका बसेल!” हे ठीकच होतं. पण पुढे चष्मा हाऽ, फोन हाऽ, आणि बिस्किटांचा डबासुद्धा हाऽ!

“अहो आई, डबा कुठे गरम आहे?” सून म्हणायची.

“असू दे गं, हात तर लावत नाही ना!”

एकदा आजीची पाठ वळताच चिमीने डब्याला बोट लावलं. गार! पुन्हा लावलं. मग ती अशी काही हसली, की मी ओळखलं, आता हिचा ‘हाऽ’वर विश्वास राहिला नाही.

पण सांगणार कोणाला? त्याच सुमारास माझा खिळा सैल झाला. “सांडशी कसली, ही तर नुसती सांडते,” म्हणत सुनेने मला खणात टाकलं. इतकी वर्षं राबले, त्याचं हे फळ! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? खण कधीच नीट लागत नसे. फटीतून मी सगळ्यांवर नजर ठेवून असायचे. माझ्या जागी एक ओलं फडकं आलं होतं. त्याचा मला पहिल्यापासून संशय होता.

आणि झालंही तसंच. एका दुपारी सुनेने उकळत्या दुधाचं पातेलं त्या फडक्याने उचललं. ओल्या कापडातून चटका बसला, तशी तिने ते घाईघाईने टेबलावर टेकवलं आणि बोटं नळाखाली धरली. टेबलक्लॉथचं टोक चिमीच्या हाताशी लोंबत होतं.

“चिमे, हाऽ! हाऽ!” आजी ओरडली.

चिमी खुदकन हसली. “हाऽ!” म्हणाली आणि टोक ओढलं.

पातेलं कलंडलं. सुनेने झडप घालून तिला मागे खेचलं, तरी पावलावर दूध उडालंच. ती किंकाळी मी अजून विसरले नाही. आजी टूथपेस्ट घेऊन धावली.

“काही लावू नका, आई! गार पाणीच.”

बराच वेळ ते पाऊल नळाखाली धरून मग त्यांनी दवाखाना गाठला. थोडक्यात निभावलं. आजी मात्र रडत राहिली. “ओरडले गं मी, पण तिला खरं कसं वाटणार?”

आता मी खणातून बाहेर आले आहे, माझा खिळा घट्ट आहे, टेबलक्लॉथ गेला, कढईचे दांडे भिंतीकडे वळले. मित्रांनो, घरातल्या छोट्यांना खोटा धाक घालू नका. खरा चटका असेल तेव्हा तुमचा शब्द त्यांना पटला पाहिजे.

चिमी अजूनही शेगडीपाशी आली की आधी आजीचं तोंड निरखते. “खलं हाऽ?”

“खरं गं बाळा,” आजीला दर वेळी सांगावं लागतं. मगच ती हात मागे घेते. माझ्यासारखीच संशयी झाली आहे पोर, आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही.