चिमूटभर तंबाखूचं पुण्य

ओहोटी लागली होती आणि निपाणीची चाळीस माणसं समुद्रात कमरेइतक्या पाण्यात हात जोडून उभी होती. मधोमध भीमाप्पा दलाल पालथा तरंगत होता. तोंड पाण्यात, पाठ उन्हात आणि कानाशेजारून एक नळी वर आलेली. नळीतून फुस्स फुस्स आवाज येत होता.

"मेला काय रं ह्यो?" कोणी तरी विचारलं.

"गप! दर्शन चाललंय!"

भीमाप्पा उठला. डोळ्यानाकावरचा काचेचा मुखवटा कपाळावर सरकवून त्याने आरोळी ठोकली, "दिसलं! पाताळ दिसलं! दगडाची झाडं, फुलं, सोन्याचं मासं!"

बायांनी उभ्या जागी पाण्याला नमस्कार केला. एकीचा पदर लाटेबरोबर निघाला, तो तिने नमस्कार पुरा करूनच धरला.

कोरड्या खडकावर, छत्रीच्या सावलीत, दर्यानाथ महाराज बसले होते. ते स्वतः घोट्याएवढ्या पाण्यातही उतरले नव्हते. डोळे मिटून ते म्हणाले, "ही शेषाच्या अंगणातली बाग हाय. डोळ्याला लावायचं ते शेषनेत्र, तोंडात धरायची ती प्राणनळी. हिमालयात बारा वरसं तप केलं, तवा गुरूनं दिलं. पुण्यवानाला बाग दिसंल, पाप्याला धुकं!"

हिमालयात रबर कुठल्या झाडाला लागतं, हे कोणी विचारलं नाही. मुखवट्याच्या पट्ट्यावर भगवी चिंधी गुंडाळली होती. तिच्याखालून इंग्रजी अक्षरं डोकावत होती. गुरूला इंग्रजी येत असावं.

गर्दीत हात न जोडलेली एकच बाई होती, तानीबाई. निपाणीच्या वखारीत वीस वर्षं तंबाखूतल्या काड्या निवडून तिची बोटं पिवळी झाली होती. घरात बाबासाहेबांची तसबीर, देव्हारा नाही. तिला महाराजांचं काही नव्हतं. मरायच्या आत एकदा समुद्र बघायचा होता. एस.टी.च्या निम्म्या पैशात महाराजांनी ठरवलेली बस नेते म्हटल्यावर ती चढली होती. भाकरी स्वतःची, अंथरूण स्वतःचं, गालात तंबाखूची चिमूट स्वतःची. "दर्याजवळ तंबाखू चालायची न्हाय," असं महाराजांनी बजावलं होतं. तिने मान डोलावली आणि चिमूट दुसऱ्या गालात सरकवली.

पहाटे आंबोलीच्या घाटात ती चिमूट एकदा कामाला आली होती. बाहेर कडाक्याची थंडी, आत चाळीस माणसांचे श्वास. पुढची काच पांढरीफटक झाली. ड्रायव्हर नागोजीने गाडी कडेला घेतली. "आक्का, जरा तंबाखू दे." त्याने चिमूट थुंकीत ओली केली, काचेवर आतून चोळली, फडकं फिरवलं. काच अशी लख्ख झाली की खालची दरी दिसली. महाराज तेव्हा मागच्या सीटवर घोरत होते. नाहीतर तोही चमत्कार त्यांनी आपल्या नावावर घेतला असता.

"आता कोन?" महाराजांनी विचारलं.

बाळाबाईने सुनेला पुढे ढकललं. बाळाबाई तानीबाईच्या शेजारच्या चाळणीवर काम करायची, आणि सून रुक्मा दोघींच्या मधे बसायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. हे बाळाबाईने बसमध्ये महाराजांना सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं. महाराजांनी तेव्हा रुक्माकडे पाहिलं नव्हतं, तिच्या गळ्यातल्या बोरमाळेकडे पाहिलं होतं.

भीमाप्पाच्या वेळी महाराजांनी मुखवटा घेऊन पाठ फिरवली होती. काहीतरी पुटपुटत त्यात "थू थू" केलं होतं, मग तांब्यातलं तीर्थ ओतून विसळला होता. या खेपेला त्यांनी तो भगव्या कापडाने नुसता पुसला. खसाखसा, कोरडा ठणठणीत. मग उन्हात तापलेल्या खडकावर घटकाभर ठेवला आणि शामू नावाच्या चेल्याकडे दिला. हातांवर नजर ठेवायची तानीबाईला वखारीतली सवय. तिने ते पाहिलं, पण तिला उलगडलं नाही.

रुक्मा पालथी झाली. क्षणभराने उठली, पुन्हा वाकली, पुन्हा उठली.

"काय दिसलं गं?" सासूने विचारलं.

रुक्मा रडकुंडीला आली. "पांढरं. नुसतं पांढरं."

चाळीस माणसांनी एकदम श्वास आत घेतला. महाराजांनी डोळे उघडले. "धुकं! ह्या बाईच्या पायगुणानं तुमचं घर धुक्यात हाय. हिच्या अंगावरचं सोनं दर्याला सोडा, न्हाईतर हिला सोडा."

दर्याला सोडायचं सोनं आधी महाराजांच्या झोळीत जायचं, हे सांगायला नको. पण बोरमाळ सासरची होती आणि पोरगी माहेरची. बाळाबाईला निवाडा सोपा गेला.

"काढ ती माळ, हिकडं दे," ती म्हणाली. "उद्या जाताना गाडी संकेश्वरात थांबंल. बापाच्या दारात उतरायचं. माझ्या ल्येकाला दुसरी मिळंल."

"आत्ती, मी काय केलंय वो?"

"ते तुझं तुला ठावं. काच काय खोटं बोलतीया?"

माळ सासूच्या हातात पडताच महाराजांनी ती शुद्ध करून देतो म्हणत झोळीत टाकली. तानीबाईचा जीव तुटला. "बाळाक्का, शुद्धीवर हायस का? काच बघून सून टाकतीस व्हय?"

"तू मधी पडू नगंस. तुमच्यात देव न्हाय, तुला काय कळतंय?"

महाराज मंद हसले. "ही बाई लई बोलतीया. हिलाच बघू द्या. हिचं किती पुण्य हाय, कळंल सगळ्यास्नी." आणि त्यांनी मुखवटा पुन्हा कोरड्या कापडाने पुसला, पुन्हा तापल्या खडकावर ठेवला.

शामूने तो तानीबाईच्या तोंडावर चढवला आणि नळी दातांत दिली. तिथेच घोटाळा झाला. एका गालात तंबाखू, मधे रबराची नळी. रस घशात उतरला आणि तिला जोराचा ठसका लागला. नळी सुटली. मुखवटा वर ओढता ओढता सगळी पिंक आतून काचेवर उडाली.

"मेले!" तिच्या मनात आलं. एवढ्या लोकांच्या शेषनेत्रावर थुंकले! तिने झटकन पाठ फिरवली, अंगठ्याने काच चोळली, पाण्यात बुचकळून काढली, तोंडातलं उरलंसुरलं थुंकून टाकलं आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने मुखवटा लावून पाण्यात तोंड घातलं.

आधी भीती. कानांत पाणी भरलं आणि जग बंद झालं. उरला फक्त तिचा श्वास, लोहाराच्या भात्यासारखा. एकदा ओढला, मेली नाही. दुसऱ्यांदा ओढला, मेली नाही. मग तिने डोळे उघडले.

खाली नुसता खडक नव्हताच. फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे दगड, हरणाच्या शिंगांसारखे दगड, पिवळसर, जांभळट, फिकट हिरवे. त्यांतून इरकली काठासारखे पट्टे ल्यालेले मासे फिरत होते. पाहुण्यांकडे ढुंकून न बघणाऱ्या श्रीमंत बायांसारखे, आपल्याच तोऱ्यात. एक काळा-पिवळा मासा काचेपाशी आला, तिला न्याहाळून गेला. उन्हाच्या जाळ्या तळावर हलत होत्या. साठीला टेकलेली बाई तिथे तरंगत होती. गुडघे दुखत नव्हते, पाठ दुखत नव्हती. वीस वर्षं धूळ गिळलेल्या छातीत श्वास सरळ जात येत होता.

आणि काच लख्ख होती. आंबोलीच्या घाटातल्या काचेसारखी.

तानीबाई ताडकन उठली आणि मोठ्याने हसली.

"धुकं दिसलं न्हवं?" महाराज म्हणाले.

"न्हाय. सगळी बाग दिसली. काळा-पिवळा मासा बी दिसला, शेपटीवर टिपका हाय. नागोजी! पहाटं तुझ्या काचंला काय चोळलंवतंस रं?"

काठावर बिडी ओढत बसलेला नागोजी उभा राहिला. "तंबाखू."

"तेच हितं झालंय. रुक्मा, हिकडं ये."

महाराज ओरडले, "शेषनेत्र बाटलं! हात लावू नगा!" पण तानीबाईने चंचीतून नवी चिमूट काढली, तोंडात ओली केली, काचेवर आतून चोळली, विसळली आणि रुक्माच्या डोळ्यांना लावली. पोरगी वाकली. नळीतून आधी घाबरे फुसकारे आले, मग ते संथ झाले. ती उठेचना. शेवटी तानीबाईने तिला दंडाला धरून उठवलं.

"मावशी! फुलं हायती! दगडाला फुलं आल्याती! आन् त्यो मासा, खरंच टिपका हाय!"

"मंत्र उशिरा लागला आसंल," बाळाबाई पुटपुटली.

"आसं म्हन्तीस? मग तूच बघ." तानीबाईने मुखवटा वाळूने घासला, धुतला, कोरड्या पदराने पुसला, तापल्या खडकावर ठेवला, अगदी महाराजांनी ठेवला होता तसा, आणि बाळाबाईच्या तोंडावर चढवला. सासूबाई वाकल्या. दहा श्वासांत उठल्या. तोंड उतरलेलं होतं.

"काय दिसलं?"

बाळाबाईने मुखवटा काढून तोंड फिरवलं.

"बोल की. काच काय खोटं बोलतीया?"

"...धुकं."

"तुझं कुठलं पाप गं, बाळाक्का? तुला बी संकेश्वरात उतरवायचं का?"

आधी एक बाई फिसकन हसली, मग सगळं पाणी हसायला लागलं.

"आता महाराज," तानीबाई म्हणाली, "तुमी या. थू न करता, कोरड्या काचंतनं बघा. तुमच्याइतकं पुण्य कुनाचं?"

"आम्ही दर्शनाच्या पलीकडं गेलोय," महाराज म्हणाले आणि झोळी आवरू लागले. रुक्माची बोरमाळ झोळीच्या तोंडाशीच होती. ती रुक्माने स्वतःच्या हाताने काढून घेतली. कोणी अडवलं नाही.

जवळ जाळं विणणाऱ्या कोळ्याने तेव्हा सांगितलं, की असले चष्मे गोव्याला येणारे गोरे मागे टाकून जातात, आणि खालचा तो पोवळ्यांचा खडक आहे. बारके जीव मेले, की त्यांच्या सांगाड्यांवर नवे जीव बसतात आणि असा खडक वाढत जातो. शेष नाही, अंगण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस निघाली तेव्हा महाराज दारात उभे होते. नागोजीने दार आतून ओढून घेतलं. "महाराज, तुमी पाताळातनं या. गुरूची वळख हाय न्हवं?"

भीमाप्पा मात्र वाटभर सांगत होता, की तंबाखूतसुद्धा देवाचा अंश असतोच. काही काचा कशानेच साफ होत नाहीत.

घाटात पुढची काच पुन्हा पांढरी झाली. "आक्का, काच पापी झाली बग!" नागोजी ओरडला, आणि चिमूट हातोहात पुढे गेली. तानीबाईने मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "आपल्या श्वासात पानी आस्तंय. गार काचंवर, थंडीतली आसू दे न्हाईतर तापवून दर्यात बुडवल्याली, त्याचं बारीक थेंब बसत्यात, तेच धुकं. थुंकी चोळा न्हाईतर तंबाखू, थेंब धरत न्हाईत, पानी पसरून जातंय. एवढाच मंत्र."

संकेश्वर आलं. नागोजीने गाडी थांबवली, कारण काल तसं ठरलं होतं. रुक्माचं गाठोडं तिच्या मांडीवर होतं. तिने ते उचललं नाही. बाळाबाई खिडकीतून उसाच्या गाड्यांकडे बघत राहिली.

"कुनी उतरनार हाय का?" नागोजीने विचारलं.

"न्हाय," बाळाबाई खिडकीकडेच बघत म्हणाली. "हाण गाडी. उद्या वखार हाय, तिघींस्नी."

बाळाबाईला त्या दिवशी अक्कल आली, असं म्हणायचं धाडस कोणी करू नये. पण एक सून आपल्या घरी गेली, हे खरं. तेव्हा तुमच्या गावात कोणी पुण्याची काच घेऊन आला, तर हात जोडण्याआधी त्याच्या हातांकडे बघा. ती काच मागून घ्या, उलटी करून बघा, तुमच्या हाताने पुसून बघा. ज्याला दाखवायचं आहे तो ती खुशाल देईल. जो देणार नाही, त्याच्या झोळीत कोणाची तरी बोरमाळ आहे असं समजा.