धुऱ्यावरचा काळा कोट

मी एक जुना काळा कोट आहे. लांबून पाहिलंत तर माणूस वाटेन. जवळ आलात तर आतला कडबा दिसेल.

मित्रांनो, एकाहत्तर साली देवळीच्या शिंप्याने मला वासुदेवराव गुरुजींच्या लग्नासाठी शिवलं. गावात कोट एकच, म्हणून मी सगळ्यांचाच झालो. कुणी मुलगी पाहायला निघो, कुणी फोटो काढायला, गुरुजी मला खुंटीवरून उतरवून देत. बाह्या कुणाला लांब, कुणाला आखूड. रुबाब मात्र साऱ्यांना बरोबर बसे.

एकोणऐंशी साली नत्थूजींच्या नाल्याकाठच्या शेतावर शेजारच्या महादेवरावांनी दावा लावला. तारखेला हजर राहायचंच, असं वकिलाने बजावलेलं. नत्थूजींनी गुरुजींना कोटाचं सांगून ठेवलं. पण आदल्या दिवशी मी गावातल्याच श्रावणच्या अंगावर समुद्रपूरला मुलगी पाहायला गेलो, आणि परतीची एस.टी. चुकली.

सकाळी नत्थूजी फाट्यावर माझी वाट पाहत उभे. वर्ध्याची गाडी आली.

"बसा न!" त्यांची बायको बायजा म्हणाली. "लग्नाले चाल्ले का कोर्टात? जज तुमाले पाहीन का कोटाले?"

"तुले नाई समजत. ठिगळाच्या बंडीत गेलो तं गडी समजन मले. गड्याचं कुठी शेत रायते का?"

"अन् टायमावर नाई पोचले तं?"

त्यांनी समुद्रपूरच्या रस्त्याकडे मान वळवली. गाडी धूळ उडवत गेली.

श्रावण पुढच्या गाडीने उतरला. नत्थूजींनी मला घाईघाईने अंगात घातलं. श्रावणची सुपारी खिशात तशीच होती. आम्ही पोहोचलो तेव्हा शिपाई तीनदा नाव पुकारून गेला होता. महादेवराव मळक्या धोतरातच बाहेर येत होते. नत्थूजी गैरहजर म्हणून एकतर्फी निकाल लागला होता. शेत गेलं.

घरी बायजाने माझी घडी केली.

"बराबर बसला होता मले," नत्थूजी एवढंच म्हणाले.

पुढे गावात तयार कोट आले, मला कसर लागली. पंच्याऐंशीत गुरुजींनी मला महादेवरावांच्या गड्याला देऊन टाकलं, ज्वारीत बुजगावणं उभं करायला. तो गडी म्हणजे नत्थूजीच. त्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांनी मला काठीवर चढवलं, उरलेलं एक बटण लावलं.

"पाय, कसा टायमावर हजर हायेस," ते म्हणाले आणि विळा घेऊन ज्वारीच्या ओळीत उतरले.

पाखरं चार दिवस भ्यायली. आता माझ्या खांद्यावरच बसतात.

मित्रांनो, कपडे जपा, कसर लागू देऊ नका. पण तुमचं नाव पुकारलं जाईल तेव्हा अंगावर असेल त्यात जा. माझ्यासाठी थांबू नका.